दुपारचा पीएच

तांबरम, ९ जून २०२५

रा. रा. शेषगिरीराव व्याही यांस,

नमस्कार. हा रीत म्हणून आहे, मनापासून नव्हे. गैरसमज नको.

फोन न करता कागद का, ते तुम्ही जाणता. वास्तुशांतीच्या दिवशी मुलांच्या अण्णा नगरातल्या त्या नव्या फ्लॅटमध्ये आपण दोघे जे बोललो, ते खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. तेव्हा माझी वाणी म्हणाली, "अप्पा, तुम्ही आणि मामा यापुढे एकमेकांशी फोनवर बोलायचं नाही. लिहायचं. लिहिताना माणूस निदान श्वास घेतो." म्हणून लिहितो. हे पत्र त्या फ्लॅटमध्ये, टाकीशेजारच्या मिठाच्या ड्रमवर ठेवून जाईन. उत्तर असेल तर तिथेच ठेवावं.

आता मुद्दा. ओरगडमच्या कारखान्याने तुमच्या गिरिधरला जर्मनीला पाठवलं, वाणी सोबत गेली, आणि पोंगलला मांडलेली तिची खाऱ्या पाण्याची टाकी मागे राहिली. दोन क्लाऊन मासे, चार प्रवाळ. सकाळची पाळी तुमची, कारण तुम्ही दोन रस्ते पलीकडे राहता. संध्याकाळची माझी, कारण तुमच्या एकट्याच्या भरवशावर मी माझ्या मुलीची टाकी सोडणार नाही. जाताना वाणीने सर्वांसमोर शब्द दिला आहे: ऑगस्टमध्ये ती येईल तेव्हा मासे जिवंत असतील तर टाकी आहे त्या खोलीतच राहील. मेले असतील तर ती हट्ट सोडेल आणि ती खोली तुमची. तुमची खाट, तुमची पुस्तकं, तुमची आरामखुर्ची.

म्हणजे या माशांच्या मरणात कुणाचा फायदा आहे, हे सांगायला वकील नको.

गेला आठवडाभर संध्याकाळी पाण्याचा पीएच सात पूर्णांक सात येतो आहे. वाणीने सांगितलं होतं, आठच्या खाली जाऊ देऊ नका. आणि काल सिंकखालच्या कपाटात मला व्हिनेगरची बाटली मिळाली. अर्धी रिकामी. ज्या घरात महिनाभर चूल पेटलेली नाही, त्या घरात व्हिनेगर कशाला? रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आपण आहात. आम्ल पाण्यात घातलं की पीएच उतरतो, हे मी आपल्याला शिकवावं काय?

मी तीस वर्षं कारखान्यांच्या फाटकांवर माइकशिवाय बोललो आहे. मालकाचा हात कुठे असतो ते मला वासावरून कळतं. या देशात बाईला माहेरी खोली नसते कारण ती जाणार, आणि सासरी नसते कारण ती आली. एका मुलीने स्वतःच्या पगारातून काचेची एक पेटी मांडली, तर तीही तुमच्या डोळ्यांत खुपते. मी ती मरू देणार नाही. आजपासून मी पाण्यात खाण्याचा सोडा घालतो आहे.

भीमसेन

*

अण्णा नगर, १० जून

श्री. भीमसेनराव,

तुमचं भाषण वाचलं. टाळ्या वाजवायला खोलीत फक्त दोन मासे होते, त्यांनाही हात नाहीत.

आज सकाळी मी पीएच मोजला. आठ पूर्णांक एक. माझ्या हातांनी, माझ्या चष्म्यातून. म्हणजे एक तर तुमचा मीटर खोटं बोलतो किंवा तुम्ही. मीटर वाणीचा आहे, त्यामुळे संशय कुणावर घ्यायचा ते उघड आहे.

व्हिनेगर माझं नाही. मला ही टाकी तिथे नको आहे, हे मी तुमच्या मुलीच्या तोंडावर सांगितलेलं आहे. जे मी तोंडावर सांगतो ते मी बाटलीतून करत नाही. मी आणि जयंती भाड्याचं घर सोडून मुलाकडे राहायला जाणार, हे ठरलेलं होतं. त्या खोलीत आमची खाट येणार होती. तिथे आता दोन बोटांएवढे प्राणी एसी लावून राहतात.

सोड्याबद्दल. तुम्ही ज्या दोन गोष्टींची गल्लत करता आहात, ती बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची मुलंही करत नाहीत. पीएच म्हणजे पाणी या क्षणी किती आम्ल, किती अल्क आहे ते. अल्कलिनिटी म्हणजे आम्ल आलं तर ते किती झेलून घ्यायची पाण्याची ताकद आहे ते. तुम्हाला समजेल असं सांगतो: पीएच हा माणसाचा आजचा पारा, अल्कलिनिटी ही त्याची सहनशक्ती. पारा बिघडला म्हणून सहनशक्ती ओतत राहायचं नसतं. आधी पारा का बिघडला ते बघायचं असतं. वाणीने आठ अंशांवर ठेवलेली अल्कलिनिटी आज सकाळी अकरा भरली. हा तुमचा पराक्रम.

सोडा घालणं थांबवा. वाणीने तुम्हाला काय सांगितलं होतं? "खाणं घाला, उडालेल्या पाण्याइतकं गोडं पाणी घाला, मोजा, आणि मला विचारल्याशिवाय दुसरं काहीही घालू नका." मी तिथे उभा होतो.

आणि टाकीजवळ बसून खाऊ नका. आज जमिनीवर चिंचोका सापडला.

शेषगिरी

*

तांबरम, १४ जून

शेषगिरीराव,

चिंचोके मी खात नाही. तुमच्या घरी खातात का ते तपासा.

सकाळी आठ पूर्णांक एक, आणि त्याच दिवशी संध्याकाळी सात पूर्णांक सात. मी दोनदा मोजलं. मधल्या वेळात त्या फ्लॅटची किल्ली कुणाकडे असते? तुमच्याकडे. माझी किल्ली माझ्या खिशात असते आणि मी दुपारी ओरगडमला कंत्राटी कामगारांच्या बैठकीत असतो. तीसएक साक्षीदार उभे करतो, हवे तर शपथेवर.

तुमचं पारा-सहनशक्तीचं प्रवचन सुंदर आहे. पण कष्टकऱ्याच्या बाजूने मी एक सांगतो: ज्याच्यावर रोज आम्ल ओतलं जातं, त्याला "कारण शोधतो, तोवर थांब" म्हणणारे सगळे तुमच्यासारखेच खुर्चीत बसलेले असतात. मी थांबणार नाही. वाणीला विचारायची गरज मला वाटत नाही. बापाला मुलीचं भलं विचारून करावं लागत नाही.

खाण्याच्या सोड्याने पीएच चढत नाही, हे मीही आता वाचलं. इंटरनेटवर एका गृहस्थाने लिहिलं आहे की तोच सोडा भाजला की त्याचा दुसरा क्षार बनतो आणि तो पीएच झपकन वर नेतो. मी काल कढईत किलोभर भाजला आहे. घरभर धूळ झाली, सून बोलली. सरी, ठीक आहे, बोलू दे.

उद्यापासून बघतो, तुमचं व्हिनेगर जिंकतं की माझी कढई.

भीमसेन

*

अण्णा नगर, १९ जून

भीमसेनराव,

तुमची कढई जिंकली. अभिनंदन.

आज सकाळी दार उघडलं तर टाकीत काहीच दिसेना. पाणी नव्हतं, ताक होतं. वाळूवर, दगडांवर, पंपावर, हीटरवर पांढरा थर. मासे पृष्ठभागाशी तोंड वर करून उभे होते, कल्ले फडफडत. एक प्रवाळ अंग आत ओढून घेऊन बसलं आहे, ते उघडेल की नाही सांगता येत नाही.

हे काय झालं ते ऐका, कारण पुन्हा मी सांगणार नाही. पाण्यात जेवढं मावतं त्यापेक्षा जास्त क्षार एका जागी, एका दमात ओतला की तो पाण्यातल्या कॅल्शियमला धरून दगड होऊन खाली बसतो. चुनखडी. तुम्ही तुमच्या मुलीच्या टाकीत बर्फ पाडलात, चेन्नईत, जून महिन्यात. जी ताकद तुम्ही वाढवायला निघालात, तीच गाळ होऊन तळाशी गेली.

मी काय करावं अशी तुमची अपेक्षा होती? दार ओढून घरी जाऊन नाश्ता करावा आणि ऑगस्टमध्ये खाट मागवावी? ते सोपं होतं. पायजमा वर करून, गुडघे दुखत असताना, मी सकाळभर मीठ कालवलं. तिसरा हिस्सा पाणी बदललं. पंप सोडवून खरवडला, तुम्हाला मिळालेल्या त्याच व्हिनेगरने, बादलीत. आता तुम्ही म्हणाल, बघा, वापरलं.

मासे जगले. उपकार म्हणून सांगत नाही. मला ती खोली हवी आहे. पण तुमच्या मूर्खपणाने मिळालेली नको.

तुमचा सोड्याचा डबा मी माझ्या घरी नेला आहे.

शेषगिरी

*

तांबरम, २१ जून

शेषगिरीराव,

मासे वाचवलेत. ते मी पाहिलं. जे आहे ते आहे म्हणणारा माणूस आहे मी. त्यापुढे जाऊन आभार वगैरे मानणार नाही, कारण माझा डबा चोरून नेण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

वाणीला कळवलेलं नाही. तुम्हीही कळवू नये. ही विनंती नाही, सूचना आहे. (बरं, विनंती समजा.)

पण आता माझं ऐका. दोन दिवस मी पाण्यात काहीही घातलेलं नाही. एक चिमूटही नाही. आज संध्याकाळी पीएच पुन्हा सात पूर्णांक सात. अल्कलिनिटी दहा. सोडा तुमच्याकडे कुलपात, मी निर्दोष, आणि तरी पाणी उतरलेलं. सांगा आता प्राध्यापक. माझा अडाणीपणा तर संपला. तुमची विद्या कुठे गेली?

भीमसेन

*

अण्णा नगर, २४ जून

भीमसेनराव,

विद्या जागेवर आहे. गेल्या तीन रात्री मी झोपलो नाही, कारण तुम्ही पहिल्यांदाच एक बरा प्रश्न विचारलात.

रोजचा हिशेब उलटा आहे. टाकीत दिवे लागले की शेवाळ, प्रवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खातात आणि दिवसभरात पीएच चढतो. रात्री उतरतो. म्हणजे सकाळी कमी, संध्याकाळी जास्त, असं हवं. इथे सकाळी जास्त, संध्याकाळी कमी. अल्कलिनिटी भरपूर असताना पीएच पडतो, तेव्हा पाण्यात आम्ल ओतलेलं नसतं. ओतलं असतं तर अल्कलिनिटीही घसरली असती. तेव्हा ते हवेतून येतं. बंद खोलीतल्या हवेतून.

मी काल खोलीत उभा राहिलो. खिडक्या सगळ्या लावलेल्या, कड्या घातलेल्या. एसीचा रिमोट मी पंचविसावर ठेवतो, तो बाविसावर होता. सोफ्याच्या फटीत आणखी चिंचोके. एसी तीच ती हवा फिरवतो, बाहेरची आत घेत नाही. अशा खोलीत श्वास सोडणारा देह तासन्‌तास बसला की हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो, तो पाण्यात उतरतो, आणि पाणी आम्लाकडे झुकतं. हे व्हिनेगर नव्हे भीमसेनराव. ही फुप्फुसं आहेत.

त्या खोलीत दुपारी कुणीतरी राहतं.

किल्ल्या दोन. मी दुपारी जेवून घरी झोपतो. जयंती तेव्हा भजनाला जाते, घर शांत असतं, चारपर्यंत मी उठत नाही. उरलं कोण? तुमचे ओरगडमचे तीस साक्षीदार तुम्ही म्हणाल ते बोलतील, त्यांचं पोट तुमच्या अर्जांवर आहे. सुनेशी तुमचं पटत नाही हे जगजाहीर आहे. तांबरमच्या उकाड्यातून पळून माझ्या मुलाच्या एसीत पाय ताणायचे आणि त्याच श्वासाने मासे मारल्याचा आळ माझ्यावर घ्यायचा! "मुलीची खोली", "बाईची जागा" म्हणून फाटकावर गर्जना करणारा माणूस स्वतःच त्या जागेत पथारी पसरतो.

येत्या सोमवारी मी कुलूप बदलतो आहे. नवी किल्ली एकच असेल. आणि वाणीला सगळं लिहितो आहे, तुमच्या कढईसकट. टाकी विकून टाक म्हणून सांगणार आहे. हे प्रकरण मला ऑगस्टपर्यंत ओढायचं नाही.

शेषगिरी

*

तांबरम, २६ जून

शेषगिरीराव,

मी त्या सोफ्यावर आजवर पाठसुद्धा टेकलेली नाही. ज्या घरात माझी मुलगी सून आहे त्या घरात मी पाणीदेखील स्वतःच्या बाटलीतलं पितो. माझ्या कामगारांना विकाऊ म्हटलंत, ते मी विसरणार नाही. माझ्या घरातली भांडणं माझी आहेत, त्यांचा उच्चार पुन्हा करू नका.

पण परवा वेगळंच घडलं. संध्याकाळी दार उघडलं तर मोठी खिडकी सताड उघडी, रस्त्याचा वारा आत. पीएच आठ पूर्णांक दोन. आत ओढून बसलेलं प्रवाळ फुललं होतं, त्याच्या टोकांना जांभळा रंग आला होता. मी दहा मिनिटं नुसता उभा राहिलो.

खिडकी मी उघडली नाही. म्हणजे तुम्ही उघडलीत. तुमचं पत्र ड्रमवर ठेवून, आळ माझ्यावर टाकून, स्वतःच खिडकी उघडून मोकळे झालात. आता सगळं स्पष्ट आहे. दुपारी कोण झोपतं? ज्याने आपण दुपारी झोपतो असं आपल्या अक्षरात लिहून दिलं आहे तो! कुठे झोपतो, त्याचा साक्षीदार कोण? विहीणबाई तर भजनाला. खोली ऑगस्टमध्ये मिळायची वाट न बघता तुम्ही जूनमध्येच ताबा घेतलात. हे मालक लोक असंच करतात. खटला चालू असताना कुंपण सरकवतात.

सोमवारी कुलूपवाला तुम्ही आणा. मीही एक आणतो. दारात बघू.

भीमसेन

*

अण्णा नगर, २७ जून, दुपार

भीमसेनराव आणि आमच्या घरचे, दोघांस,

जयंतीचा नमस्कार. हा मनापासून आहे.

सोमवारी दारात दोन कुलूपवाले आणू नका. शेजारी हसतील. शेजारी म्हणजे कोण, ते पुढे लिहिते.

दुपारी त्या खोलीत आम्ही असतो. चौघी. मी, दुसऱ्या मजल्यावरची तुळसी, समोरच्या ब्लॉकमधली कामाक्षीमामी आणि तिची बहीण. किल्ली यांच्या शर्टाच्या खिशातली. जेवून झोपले की चारपर्यंत शर्ट खुंटीवर असतो. भजन म्हणून मी घरातून निघते, आणि आम्ही रमी खेळतो. पैशांनी नाही. चिंचोक्यांनी. कामाक्षीमामी हरली की चिंचोके फेकते, म्हणून ते सापडतात. व्हिनेगर आमचं आहे. तुळसी त्यात मिरच्या घालून आणते, पत्ते खेळताना तोंडाला काहीतरी लागतं. खिडक्या लावत होतो कारण आम्ही मोठ्याने हसतो, आणि वॉचमन यांना ओळखतो.

अहो, तुम्ही मला लग्नानंतर पहिल्या दिवाळीला पत्ते हातात घेतलेलं पाहिलंत आणि तासभर बोललात. वेळेचा अपव्यय, बुद्धीचा ऱ्हास, सगळं. तेव्हापासून आजपर्यंत बोलताच आहात. पत्ते झाले, मग सिनेमा, मग माझं मोठ्याने हसणं. मी काही बोलले नाही. तुम्ही म्हणाल, सहनशक्ती. तुम्हीच लिहिलंय ना, जास्त ओतली की गाळ होऊन तळाशी बसते. बसली.

भीमसेनराव, तुमचं पहिलं पत्र मी तिघींना मोठ्याने वाचून दाखवलं. तुमचीही सगळी पत्रं, आणि यांचीही. यांची ड्रमवर असतात, तुमची यांच्या त्याच खिशात; आम्ही पानं वाटेपर्यंत वाचतो. कामाक्षीमामी तुमचा आवाज फार छान काढते. बाईच्या खोलीबद्दल तुम्ही लिहिलंत ते ऐकून तुळसीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग पुढच्या पत्रात तुम्ही लिहिलंत, बापाला मुलीला विचारावं लागत नाही. ते ऐकून तिने डोळे पुसले आणि पत्ते उचलले. तुम्ही वाणीच्या जागेसाठी आकाशपाताळ एक केलंत, आणि त्याच जागेत तिने नको म्हटलेलं किलोभर ओतलंत. एका बाईची खोली एकाला हवी होती खाटेसाठी, दुसऱ्याला भाषणासाठी. दोघांत आम्हाला तरी फरक दिसला नाही.

आमच्या श्वासाने पाणी बिघडतं हे आम्हाला माहीत नव्हतं. यांचं चोवीस तारखेचं पत्र वाचलं आणि चौघींनी पत्ते खाली ठेवले. पहिल्यांदा यांच्या रसायनशास्त्राचा मला उपयोग झाला, ते खरं तेच लिहिते. त्या दुपारपासून खिडकी उघडी असते. वॉचमनने ऐकलं तर ऐकू दे.

काल वाणीशी फोनवर बोलले. सगळं सांगितलं, बर्फही, चिंचोकेही. हसत होती बराच वेळ. मग म्हणाली, "अत्ते, तुम्हाला त्या खोलीत राहायला यायचं आहे का?" इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, नाही. भाड्याचं घर माझं आहे, मी तिथेच राहणार. ज्यांना त्या खोलीत यायचं त्यांनी आपली खाट घेऊन यावं, पण तिथे टाकी आहे. दुपारी आम्ही आहोत.

टाकी मी सांभाळीन. सकाळीही, संध्याकाळीही. मोजायचं कसं ते वाणीने फोनवर दाखवलं. थेंब टाकायचे, रंग बदलला की थांबायचं. थांबायचं, हेच त्यात मुख्य आहे म्हणाली.

दोन्ही किल्ल्या ड्रमवर ठेवा. खिडकी उघडी राहील. दार बंद असेल.

जयंती

*

तांबरम, ३० जून

शेषगिरीराव,

हे पोस्टाने पाठवतो आहे, कारण ड्रमपर्यंत आता माझा हात पोचत नाही.

विहीणबाईंच्या पत्रावर मला काही म्हणायचं नाही. म्हणजे पुष्कळ म्हणायचं होतं. दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा कामाक्षीमामी माझ्या आवाजात ते वाचते आहे असं ऐकू आलं.

रविवारी संध्याकाळी मी माझी किल्ली ड्रमवर ठेवली. तुमची तिथे नव्हती. माफी मागायची वेळ येते तेव्हाही मालक मागे असतात.

भीमसेन

*

अण्णा नगर, ३ जुलै

भीमसेनराव,

माझी किल्ली मी शनिवारीच दिली. ड्रमवर नव्हे, तिच्या हातात. तुमच्या एक दिवस आधी. नोंद घ्यावी.

तिने ती घेतली आणि कमरेला लावली. मी विचारलं, आज पाणी किती आलं. म्हणाली, "आठ पूर्णांक दोन. तुम्ही झोपा."

दुपारी झोप लागत नाही. घर फार शांत असतं.

तुमचा सोड्याचा डबा इथे पडून आहे. घेऊन जा. मला अडचण होते.

शेषगिरी